पस्तिशीच्या आत

नायगाव स्थानकातून अणुविज्ञानाकडे दोन्ही दिशांनी जाता येते. उत्तरेकडे विरार गाठून डहाणूची गाडी धरली की बोईसर, आणि तिथून तारापूर. देशातले पहिले अणुवीज केंद्र तिथे १९६९ साली सुरू झाले. दक्षिणेकडे खाडीवरचे पूल आणि पाणजू बेट ओलांडून चर्चगेटला उतरायचे आणि कुलाब्याच्या टोकापर्यंत जायचे. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून १ कोटी ४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन प्रवेगक चालतो आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था मिळून तो चालवतात. जड आयनांना वेग देऊन एका अणुकेंद्रकावर दुसरे आदळवायचे आणि त्या धक्क्यातून निघणारे गॅमा किरण मोजायचे, असे तिथले काम.

दोन्ही ठिकाणे एकाच रेल्वेमार्गाने जोडलेली आहेत. तरीही वसई रोडच्या किंवा विरारच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला कुलाब्याचा प्रवेगक मंगळाइतका दूर वाटतो. हे अंतर कमी करण्याचे एक साधन सरकारच्या हातात आहे: तरुण संशोधकांसाठीचे पुरस्कार. त्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही, म्हणून हा लेख.

पुरस्कार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शाल, श्रीफळ आणि मानपत्र येते. झालेल्या कामाचा तो गौरव असतो. तरुण संशोधकांसाठीचे सरकारी पुरस्कार पुढच्या कामासाठी असतात. अणुऊर्जा विभागाचे अणुविज्ञान संशोधन मंडळ पस्तिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांसाठी संशोधन पुरस्कार देते. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर फॅकल्टी’ योजनेत पाच वर्षांचे वेतन मिळते आणि संशोधनासाठी दर वर्षी ७ लाख रुपये. २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानानेही सुरुवातीच्या काळातल्या संशोधकांसाठी पंतप्रधानांच्या नावाने अनुदान सुरू केले आहे. अमेरिकेचा ऊर्जा विभाग २०१०पासून अशीच पाच वर्षांची योजना राबवतो, आणि अणुकेंद्रकीय भौतिकी हा तिच्यातला एक स्वतंत्र विभाग आहे.

कुणी म्हणेल, ज्या विषयात एकेक यंत्र कोट्यवधींचे, तिथे एका तरुणाला काही लाख देऊन काय होणार? माझे म्हणणे नेमके उलटे आहे. या विषयात लहान रकमेचे मोल जास्त आहे, कारण मोठे यंत्र लोकांच्या पैशाने आधीच उभे आहे. कुलाब्याचा पेलेट्रॉन, दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राचे यंत्र, कोलकात्याचा सायक्लोट्रॉन, तिन्ही चालू आहेत. अत्यंत शुद्ध जर्मेनियमच्या डिटेक्टरांची ‘इंगा’ नावाची रचना तर या तीन केंद्रांमध्ये आळीपाळीने फिरते. एका संस्थेला परवडणार नाही ते सगळ्यांनी मिळून वापरायचे, ही आपल्या वैज्ञानिकांनी लावलेली शहाणी व्यवस्था आहे, आणि तिचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण यंत्रावर बीम टाइम, म्हणजे प्रयोगासाठी नेमून दिलेला वेळ, मिळवायचा तर प्रस्ताव लिहावा लागतो आणि तो समितीपुढे टिकावा लागतो. मग ठरलेल्या दिवसांत रात्रंदिवस पाळ्या लावून मोजमाप करायचे असते. डिटेक्टर द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवायचे, भरणी चुकू द्यायची नाही. त्यानंतर महिनोन् महिने त्या आकड्यांचा अर्थ लावायचा. यासाठी दोन विद्यार्थी हवेत, थोडे इलेक्ट्रॉनिक्स, पातळ पत्र्याची लक्ष्ये, दिल्ली-कोलकात्याचा प्रवासखर्च, एक चांगला संगणक. तरुण संशोधकाचा पुरस्कार नेमके एवढे देतो. तो नसेल तर सार्वजनिक यंत्र आधीच आत असलेल्यांच्याच हाती राहते.

होमी भाभांचे उदाहरण इथे घ्यायलाच हवे. १९३२ साली केंब्रिजमध्ये त्यांना प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते झुरिकला पाउलींकडे, रोमला फर्मींकडे जाऊन आले. १९३४ साली न्यूटनच्या नावाची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. आज भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवले जाणारे गणित १९३६चे आहे आणि हाइटलरबरोबरचा वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त १९३७चा. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाआधीच हे सारे झाले, पोटापाण्याची चिंता दुसऱ्या कुणी वाहिली म्हणून. १९३९च्या युद्धामुळे ते भारतात अडकले, तेव्हा बंगळूरला त्यांच्या वैश्विक किरण विभागाला टाटा न्यासाने पैसा दिला. १२ मार्च १९४४ला त्याच न्यासाला त्यांनी पत्र लिहिले आणि पुढच्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मली. आधी माणूस निवडायचा, मग त्याच्याभोवती काम वाढू द्यायचे, हे त्यांचे सूत्र होते. ते त्यांनी स्वतः अनुभवले होते.

दुसरे उदाहरण बिभा चौधुरींचे. कोलकात्याच्या बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर छायाचित्रण काचा ठेवून वैश्विक किरणांतल्या कणांचे माग टिपले आणि त्यांचे वस्तुमान काढले. वय होते तिशीच्या आत. पुढचे पाऊल टाकायला अधिक संवेदनशील काचा हव्या होत्या, पण युद्धामुळे त्या मिळाल्या नाहीत. काही वर्षांनी ब्रिस्टलला पॉवेल यांनी सुधारित काचा वापरून पायॉन हा कण शोधला आणि १९५०चे नोबेल मिळवले. बिभाबाईंची अडचण युद्धाची होती, अनुदानाची नव्हती, हे मान्य. तरीही विशी-तिशीतल्या संशोधकाला एक साधन दोन वर्षे उशिरा मिळणे म्हणजे ते न मिळण्यासारखेच, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? पुढे १९४९ साली त्या टाटा संस्थेत आल्या.

म्हणून आजच्या योजनांकडे पाहताना मला रकमेपेक्षा तारखेची काळजी जास्त वाटते. इन्स्पायर फॅकल्टींचे वेतन महिनोन् महिने थकल्याच्या बातम्या २०२५मध्ये वृत्तपत्रांत आल्या. खात्यांतर्गत लेखाप्रणाली बदलते आहे, वापर-प्रमाणपत्रे अडली आहेत, अशी कारणे असतीलही. घरभाडे मात्र त्या कारणांसाठी थांबत नाही, आणि बीम टाइमची तारीखही नाही. मंजूर पैसा वेळेवर न देणे ही या क्षेत्रात किरकोळ गैरसोय मानू नये.

वयाच्या अटीचेही तसेच. पस्तीस ही मर्यादा घरात शिक्षणाची तिसरी पिढी असलेल्या मुलाला पुरते. जिने मध्ये नोकरी करून भावंडांना शिकवले, जिचे लग्न-बाळंतपण याच वर्षांत आले, तिला ती पुरत नाही. युरोपीय संशोधन परिषद जन्मतारखेऐवजी डॉक्टरेटनंतरची वर्षे मोजत आली आहे आणि मातृत्वासाठी प्रत्येक मुलामागे दीड वर्ष वाढवून देत आली आहे. आपल्याकडे स्त्रियांना काही योजनांत वयाची सवलत आहे, पण मोजमाप वयाचेच. बदलायला हवे ते मोजमाप.

आणि सर्वांत मोठा अडसर कायम पदाचा. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पीएच.डी., नेट, सेट झालेले कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीत मानधनही नसते. अनुसंधान प्रतिष्ठानाच्या अनुदानाला नियमित पद लागते, त्यामुळे हे सारे अर्जाआधीच बाद. भरती रखडली हा राज्याचा दोष, त्याची शिक्षा केंद्राच्या योजनेत या माणसांना होते. यातला तरुण अणुभौतिकी सोडून देतो तेव्हा त्याची कुठे नोंदही होत नाही, आणि त्याच्या वर्गातल्या मुलांना प्रवेगक पाहिलेला शिक्षक मिळत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो सरकारनेच करून पाहिला आहे. इन्स्पायर फॅकल्टीला कायम पदाची अट नाही. एखाद्या संस्थेने यजमान होण्याची तयारी दाखवली की पुरते. विद्यापीठांतल्या लोकांना अणुऊर्जा विभागाची यंत्रे वापरता यावीत म्हणून यूजीसी आणि त्या विभागाने मिळून एक संघ उभारला आहे, त्याचे मुंबई केंद्र ट्रॉम्बेला आहे. कालिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र २००७पासून आहे. या संस्थांनी पालघर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांसाठी यजमानपद घेतले, आणि अर्जाच्या नमुन्यात ‘नियमित पद’ या रकान्याशेजारी ‘किंवा यजमान संस्थेची लेखी हमी’ एवढी ओळ वाढवली, तर वसईत तासिकेवर शिकवणाऱ्या पीएच.डी.ला पुढच्या फेरीतच अर्ज भरता येईल.