देश, काळ आणि किनारा

रेवसहून रेडीच्या दिशेने सागरी मार्गाने निघालेल्या गाडीत एक प्रश्न वळणावळणाला निघतो: आता पुढचा चांगला किनारा कोणता? दिवेआगरला थांबायचं की थेट हरिहरेश्वर गाठायचं? आंजर्ल्याला मुक्काम टाकायचा, की दाभोळची फेरीबोट धरून गुहागरकडे उतरायचं? प्रश्न सहलीचाच आहे. पण त्यातला ‘चांगला’ हा शब्द जरा निरखला, तर तो धर्मविचारातल्या एका जुन्या वादापाशी नेतो. स्थळाला स्वतःचं माहात्म्य असतं, की ते जाणाऱ्याच्या वागण्यातून येतं?

‘तीर’ आणि ‘तीर्थ’ हे दोन्ही शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या एकाच धातूतून आले. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याचा उतार, पाण्यात पाय टाकण्याची जागा. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात तीर्थयात्रेवर सविस्तर लिहिलं आहे. त्या परंपरेत स्थळांचं माहात्म्य गाणारी पुराणं आहेत, आणि सत्य, क्षमा, इंद्रियसंयम हीच खरी तीर्थं असं बजावणारीही आहेत. दोन्ही मतं शेजारी शेजारी नांदली.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी सांगताना देश, काळ आणि पात्र असे तीन शब्द येतात. विषय दानाचा आहे, तरी किनाऱ्यालाही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. कारण प्रवासी बहुधा यातला पहिलाच शब्द विचारतो. वाळू पांढरी आहे का, पाणी स्वच्छ आहे का, गर्दी किती? ‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाचे 33 निकषही मुख्यतः याच अंगाने जातात: पाण्याची शुद्धता, सुरक्षा, सोयी, परिसराची निगा. 2020 मध्ये भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळालं, त्यात पुरीचा गोल्डन बीच होता. ज्या समुद्राला भाविक महोदधी म्हणून हात जोडतात, त्याचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं जावं यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखं काही नाही. घाण पाण्यात पुण्यस्नान कसलं?

तरीही देश ही एकच बाजू झाली. काळाचा धडा मिळतो हरिहरेश्वरला.

पेशव्यांचं हे कुलदैवत. इथली प्रदक्षिणा डोंगर चढून, खडकांमधल्या पायऱ्या उतरून थेट समुद्रालगत येते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कोरलेले जाळीदार कातळ, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला पाणी. ही वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. भरतीला ती समुद्राची असते, आणि ज्यांनी हे मानलं नाही त्यांच्यातल्या काहींचे जीव इथे गेले आहेत. म्हणजे प्रदक्षिणेचा मुहूर्त इथे खरोखर समुद्र काढतो. कोकणी माणूस तो तिथीवरून ओळखतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास हाती येतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, मग रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकत जाते. त्या दोन तिथींना उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उपासाचा दिवस ठरवणारं पंचांगच होडी कधी लोटायची तेही सांगतं. एरवी समुद्राला स्पर्श करू नये, पर्वकाळीच स्नान करावं, असा जुना धर्मसंकेत आहे. तो भाबडा म्हणून सोडून देण्याआधी एवढं पाहावं, की त्याने समुद्राकडे जाणाऱ्याला आधी आकाशातल्या चंद्राकडे पाहायला लावलं.

गणपतीपुळ्याला डोंगरच देव आहे, म्हणून प्रदक्षिणाही डोंगराभोवती. देवळासमोरचा समुद्र देखणा आणि दगा देणारा. तिथे धोक्याच्या सूचनेकडे पाठ करून पाण्यात शिरणारा भाविक कोणत्या अर्थाने दर्शनाला आला, हे त्याने स्वतःलाच विचारावं.

राहिला पात्र हा शब्द, आणि तो सगळ्यांत अवघड. बाणकोट खाडीच्या दक्षिणेला वेळास आहे, नाना फडणीसांचं मूळ गाव. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी, आणि पिल्लं बाहेर यायला साधारण दीड-दोन महिने. एके काळी ही अंडी उकरून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात, गावातल्या घरांतच उतरतात. दशावतारांत कूर्माला दुसरं स्थान देणाऱ्या समाजाला ही राखण परकी वाटू नये. पण किनाऱ्यावर दिवा लावायचा नाही, वाळूत गाडी घालायची नाही, दोरीच्या अलीकडे थांबायचं, हे पाळणारा पाहुणाच या किनाऱ्याला पात्र. ज्या किनाऱ्यावर कासवीण जन्मली त्याच पट्ट्यात ती पुढे अंडी घालायला परतते. त्या वाळूवर तिचा हक्क सुट्टीला आलेल्या माणसाच्या आधीचा आहे.

देश, काळ आणि पात्र हे तिन्ही एकत्र दिसतात ते देवगडजवळ कुणकेश्वरला. तिथे महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी समुद्रावर येतात. ढोल वाजत असतात, पालख्या ओल्या वाळूवरून पुढे सरकतात, गावकरी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. एरवी गाभाऱ्यात बसून नवस ऐकणारा देव त्या दिवशी आपल्या माणसांच्या खांद्यावरून समुद्रापर्यंत चालत येतो, स्नान करतो आणि उन्हं चढायच्या आत आपल्या गावाच्या वाटेला लागतो.