मृगया आणि मोजमाप

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. नाव झाशीच्या राणीचे. वस्ती मात्र फायली, टिपणे आणि अधिसूचना यांत आयुष्य घालवणाऱ्यांची. शिकारीशी तिचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु येथून अरविंद मार्ग ओलांडून थोडे पुढे गेले की जोरबाग रस्त्यावर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची इमारत लागते, आणि दक्षिणेकडे काही किलोमीटरवर हौजखासचे मृगोद्यान. एके ठिकाणी कोणत्या प्राण्याच्या वधास मुभा द्यावी याचा निर्णय कागदावर उतरतो. दुसऱ्या ठिकाणी वधाचा प्रश्नच उद्भवत नाही असे समजून चितळांची संख्या वर्षानुवर्षे वाढू दिली गेली. या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न बेवारस पडून राहिला आहे. हरीण मारायचेच झाले, तर ते कशाने मारावे?

हा प्रश्न शिकाऱ्यांच्या गप्पांतला, म्हणून नीतिविचाराच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. हरणासाठी रायफल कोणत्या बोअरची घ्यावी, यावर शिकारी मंडळी रात्री जागवीत. सुसंस्कृत श्रोता तेवढ्यात दुसरीकडे पाहू लागे. वस्तुतः त्या गप्पांत जे बोलले जाई ते बरेचसे भूमीविषयी आणि प्राण्याच्या देहाविषयी असे. नगर-सोलापूरकडच्या माळावर काळवीट दुरूनच माणसाला हेरते. तेथे नेम लांबचा, म्हणून गोळी हलकी, वेगवान आणि सरळ रेषेत जाणारी हवी. मेळघाटातील सागवानात किंवा सह्याद्रीच्या जाळीत सांबर अवचित समोर उभे राहते. अंतर थोडे, मध्ये फांद्या आणि वेली, म्हणून तेथे जड गोळीवर भिस्त. जड गोळी फांदीला लागून मुळीच वळत नाही, ही मात्र शिकाऱ्यांची एक लाडकी समजूत. वळते, फक्त काहीशी कमी. घाटाच्या उतारावर गणित आणखी बदलते, कारण तीव्र कोनात वरून खाली झाडलेली गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते. शिवाय भेकर पंचवीस किलोंच्या आसपास, काळवीट चाळिसाच्या, तर सांबराचा किंवा नीलगाईचा पूर्ण वाढलेला नर दोनशेच्या पुढे. सर्व भूमींना आणि सर्व देहांना पुरेल असे एकच हत्यार नाही. भारतात परवानाधारकाच्या हाती सहसा येते ती ईशापूरच्या कारखान्याची .३१५ बोअरची रायफल किंवा बारा बोअरची दुनळी, आणि तिने जे साधेल ते साधायचे. .३१५ची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. ‘के.एफ.’ ही त्यांच्या बुडावरची अक्षरे ज्यांनी वाचली असतील, त्यांपैकी कित्येकांना खडकी कोठे आहे हेही ठाऊक नसेल.

या सगळ्या तपशिलामागे एकच भीती आहे, जखमी जनावराची. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम ताटलीएवढी. गोळी तेथे लागली तर ते काही पावलांत कोसळते; वीतभर मागे, पोटात लागली तर ते निघून जाते आणि कोठेतरी दाट गवतात तासन्‌तास, प्रसंगी दिवसभर मरत राहते. रक्ताचा माग काढीत त्याच्यामागे जाणे हा जुन्या शिकाऱ्यांच्या आचारातला पहिला नियम होता. पुष्कळांनी तो मोडलाही. गोळीची शक्ती तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळकरी पदार्थविज्ञान येथे एकाएकी नीतिशास्त्राच्या शेजारी येऊन बसते, कारण ती शक्ती अपुरी पडली तर शिल्लक उरते ती वेदना.

जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतच्या वाघिणीच्या वधानंतर संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडून .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने त्याच मापाच्या, म्हणजे सात मिलिमीटरच्या, गोळीने शेकडो हत्ती पाडले. हत्तीच्या कवटीचा छेद घेऊन मेंदू नेमका कोठे असतो हे त्याने अभ्यासले होते. यावरून ‘माप गौण, नेम मुख्य’ असा सिद्धान्त काढला जातो, आणि तो खोटा नाही. परंतु बेलचे उदाहरण देणाऱ्या शंभर जणांत बेल एखादाच असतो. उरलेल्यांच्या हातून जे घडते त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कायद्याला माणसाचे कौशल्य मोजता येत नाही, त्याचे हत्यार मोजता येते. म्हणून इंग्लंड-वेल्समधील १९९१च्या हरीणविषयक कायद्याने सर्वसाधारणपणे .२४० इंचांहून लहान बोअरची आणि १,७०० फूट-पौंडांहून कमी शक्तीची रायफल हरणावर चालवण्यास मनाई केली. जर्मन कायदा शंभर मीटरवर गोळीत किती शक्ती उरते ते विचारतो: लहान रो हरणासाठी १,००० ज्यूल; त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी २,००० ज्यूल आणि किमान साडेसहा मिलिमीटरचा व्यास. करुणेचे असे अंकांत रूपांतर झालेले पाहून काहीसे चमत्कारिक वाटते. तरी त्या अंकांत एक कबुली आहे. मारण्याची परवानगी दिली एवढ्याने मारणाऱ्याची, आणि परवानगी देणाऱ्याचीही, जबाबदारी संपत नाही.

हा विचार परदेशातूनच यावा असे नाही. आदिपर्वातील पंडू आणि किंदम यांचा संवाद या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. मृगरूपात रममाण झालेल्या ऋषीला पंडूचा बाण लागतो, आणि मरता मरता तो वाद घालतो. पंडू राजधर्माचा आधार घेतो, अगस्त्याने केलेल्या मृगयेचा दाखला देतो. किंदमाचे उत्तर विलक्षण आहे. मृग मारलास याबद्दल माझी तक्रार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. तक्रार आहे ती वेळेची, निर्दयतेची, थोडा वेळही न थांबण्याची. वधाचा अधिकार मान्य करून वधाच्या रीतीला दोष देणारा हा मरणारा प्राणी भारतीय वाङ्मयातील बहुधा सर्वांत कठोर फिर्यादी असावा. पंडूला शाप मिळतो तो रीतीबद्दल, आणि त्या शापाची फळे सारे महाभारत भोगते.

स्वतंत्र भारताच्या कायद्याला ही जाण एकेकाळी होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे मूळ सतरावे कलम शिकारीच्या रीतीविषयीच होते. मोटारीतून शिकार नको, कृत्रिम प्रकाश नको, पाणवठ्यावर किंवा खारी माती चाटायला आलेल्या जनावरावर गोळी नको, विष, फासे, स्फोटके नकोत. आणि मोठ्या शिकारीसाठी रायफलच हवी, बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास मुभा आणि तीत छर्ऱ्यांऐवजी एकसंध गोळी. त्याआधीच्या कलमात पिल्ले, माद्या आणि ज्यांच्या शिंगांवरची मखमल अजून गळलेली नाही अशी हरणे यांना संरक्षण होते. शिंगांवरच्या मखमलीची दखल घेणारा कायदा! सरकारी गद्यात असा कोवळेपणा क्वचित आढळतो. १९९१च्या दुरुस्तीने शिकार सरसकट बंद झाली आणि ही कलमे अनावश्यक म्हणून गळली. तर्क बिनचूक होता: शिकारच नाही तर तिची रीत कशाला? ती बंदी योग्यच होती, तिच्यामुळे जे वाचले ते फार मोलाचे आहे, याविषयी दुमत होऊ नये.

मात्र मारणे थांबले नाही. पिकाला किंवा माणसाला धोका असेल तर लेखी परवानगी देण्याचे अकरावे कलम राहिले. एखादी जात ठराविक प्रदेशात, ठराविक काळापुरती ‘उपद्रवी’ ठरवण्याचा केंद्राचा अधिकार बासष्टाव्या कलमात राहिला. वध शिल्लक उरला, रीतीची भाषा तेवढी गेली. आणि येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवणे भाग आहे. ते जुने सतरावे कलमसुद्धा उपद्रवी प्राण्यांना लागू नव्हते. म्हणजे पाणवठा, रात्र, विष यांविषयीची सारी सभ्यता एका शब्दापाशी येऊन थांबत असे. प्राणी तोच, त्याच्या वेदनेची वहनव्यवस्था तीच. नाव बदलले की ती मोजण्याचे कारण उरत नाही. भाषेच्या अभ्यासकांनी शब्दाच्या सामर्थ्याचे गोडवे गाताना हे उदाहरणही जवळ ठेवावे.

डिसेंबर २०१५मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय एका वर्षापुरती उपद्रवी घोषित झाली. प्राणिशास्त्राप्रमाणे ती हरीण नव्हे, काळविटाप्रमाणे कुरंग कुळातली. पण शेतकऱ्याच्या आणि बंदुकीच्या लेखी हा भेद पुसट आहे. जून २०१६मध्ये मोकामा परिसरात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. त्यावरून केंद्रीय मंत्रिमंडळातच वाद पेटला. मनेका गांधी यांनी उघड निषेध केला. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी, शेतकऱ्यांच्या नुकसानीमुळे राज्यानेच प्रस्ताव पाठवला होता आणि शास्त्रीय व्यवस्थापनाचा तो भाग आहे, असे उत्तर दिले. पुण्याहून दिल्लीला गेलेल्या या मंत्र्याची बाजू विदर्भातील शेतकऱ्याला सहज पटेल. रोह्यांच्या कळपाने एका रात्रीत तूर किंवा हरभरा कसा आडवा होतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक होते असे मानायला हरकत नाही. लक्षात येते ते इतकेच, की त्या गाजलेल्या वादात मारावे की मारू नये यावर सारे बोलले. कोणत्या हत्याराने, किती अंतरावरून, जखमी जनावराचा माग काढायचा कोणी, हे जवळजवळ कोणी विचारले नाही. तीन वर्षांनी, २०१९मध्ये, बिहारच्याच वैशाली जिल्ह्यात गोळी लागूनही न मेलेली एक नीलगाय यंत्राने खड्ड्यात ढकलून जिवंत पुरल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. संताप झाला. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या खड्ड्यात होते.

या युक्तिवादाला दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला सामाजिक. रायफलीचा आग्रह आणि फाशाचा तिटकारा ही बंदूक बाळगू शकणाऱ्या वर्गाची नीती होती. फासेपारधी बैलाच्या आडून माळावर फिरला, फासे लावून हरीण धरले, त्यावर कुटुंब जगवले. त्याला इंग्रजी अमलात गुन्हेगार जमातीत टाकले गेले. त्याच काळात कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटे धरली जात, आणि तिला राजेशाही खेळ म्हणत. चित्त्याच्या जबड्यातील मृत्यू फाशातील मृत्यूहून सौम्य होता, असे कोणी सिद्ध केलेले नाही. ‘सभ्य’ वधाची कल्पना स्वच्छ हातांनी जन्मलेली नाही, हे मान्य करावेच लागेल. पण याचा निष्कर्ष ती कल्पना टाकून द्यावी असा निघत नाही. आज कुंपणात वीज सोडली जाते, रानडुकरासाठी कणकेत गावठी बॉम्ब ठेवला जातो, आणि त्यात भलतीच जनावरे, कधी माणसेही मरतात. तेथे परंपरेचा कसब नाही आणि परवान्याची शिस्तही नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. योग्य मापाची गोळी वध सुसह्य करते, पण कोणाला? प्राण्याला की मारणाऱ्याच्या मनाला? अंक पाळला की विवेक शांत होतो, आणि शांत विवेकाचा माणूस अधिक सहजतेने चाप ओढतो. या आक्षेपाला पुरते उत्तर नाही. मात्र त्याच्या उलट टोकाला हौजखासचे मृगोद्यान आहे. तेथे गोळीचे नावही कोणी काढणार नाही. थोड्या जागेत चितळे वाढत वाढत सहाशेच्या आसपास गेली. २०२३मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने उद्यानाची मान्यता काढली, आणि चितळे राजस्थानच्या व्याघ्रप्रकल्पांकडे हलवण्याचे ठरले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माणसांच्या हातून चारा खाल्लेली हरणे ट्रकमधून वाघांच्या रानात नेऊन सोडणे यात रक्ताचा थेंब कोणाच्या हाताला लागत नाही. त्याला अहिंसा म्हणायचे असेल तर त्या शब्दाची व्याख्या पुन्हा तपासावी लागेल. निसर्गक्रम म्हणायचे असेल तर ज्या हरणाने कधी वाघाचा वास घेतला नाही त्याच्या बाबतीत तो कितपत नैसर्गिक, हेही सांगावे लागेल.

मराठीत या प्रश्नाचा विचार करणारे थोडे आहेत, आणि त्यांपैकी काहींनी तो बंदूक खाली ठेवल्यावर केला. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा षोक होता. पुढे वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ लिहिताना, ज्याला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यांची नजर नेम धरणाऱ्याचीच होती: स्थिर, मोजकी, भावविवशतेला थारा न देणारी. प्राण्याकडे इतक्या बारकाईने पाहण्याची सवय त्या जुन्या छंदातूनच आली असावी, असा तर्क केला तर तो फार चुकणार नाही. मारणे सुटले, पाहणे राहिले. कायद्याच्या बाबतीत नेमके उलटे झाले.

रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथ मृगयेला निघतो. एका काळविटावर तो बाण रोखतो, तोच त्याची हरिणी आपल्या देहाने त्याला झाकून मध्ये उभी राहते. राजा धनुर्धर असूनही दयेने बाण उतरवतो. येथे अंतर योग्य आहे, लक्ष्य दिसते आहे, हात निष्णात आहे, आणि म्हणूनच थांबता येते. त्याच सर्गात पुढे तमसेच्या काठी पाण्यात घागर भरल्याचा आवाज येतो. हत्ती असावा असे समजून तो न पाहता बाण सोडतो. राजाने रानहत्ती मारू नये असा निषेध होताच, हे कालिदास तेथेच नमूद करतो.