मुंगी उद्योगी, मग गाणारा किडा आळशी काय?

मुंगीनें दाणे सांठविले आणि गात बसलेला किडा पुढें उपाशी राहिला, ही गोष्ट बहुतेक वाचकांनीं शाळेंत ऐकिली असेल. मूळ ग्रीक गोष्टींतला तो किडा सिकाडा होय. उन्हाळ्यांत रानांतील झाडांच्या खोडांवर बसून जो कर्कश सूर धरितो, तोच हा. त्यास दोष देणें न्याय्य आहे काय?

कोंकणांत झाडांवर पानें जोडून घरटीं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांस ओंबील म्हणतात. कांहीं मुंग्या पानांच्या कडा जवळ ओढून धरितात. दुसऱ्या आपल्या अळ्या जबड्यांत धरून त्या कडांवरून फिरवितात. अळीच्या तोंडांतील रेशमानें पानें सांधलीं जातात. ती अळी स्वतःकरितां कोश विणीत नाहीं.

सिकाडा एकटा वाढतो. त्याचें पिल्लूं जमिनींत शिरून मुळांचा रस शोषीत अंधारांत राहतें; अमेरिकेंतील कांहीं जातींत हा काळ १३ किंवा १७ वर्षांचा असतो. मग तें वर येऊन कात टाकितें, नर गातो, आणि थोड्याच आठवड्यांत त्याचें आयुष्य संपतें. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग गोष्ट सांगणाऱ्यानें पाहिलाच नव्हता!

आमच्या हातूनही असेंच घडलें. एका खेड्यांत विहिरीचें काम चाललें असतां एक मनुष्य ओट्यावर गुणगुणत बसला होता. आम्हीं सर्वांसमक्ष त्यास मुंगीची गोष्ट ऐकविली. तो उगाच राहिला. सायंकाळीं एक वृद्ध बाई म्हणाली, “पाळकसाहेब, त्याचा बाप तीन वर्षें अंथरुणास खिळला आहे. हा रात्र रात्र त्याच्यापाशीं जागतो.” आम्हीं त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली, परंतु शब्द चारचौघांत बोललों होतों, म्हणून पुढील रविवारीं चारचौघांतही मागितली.

आळस हा दोष नव्हे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु मुंगी श्रमते व सिकाडा गातो, तें दोघेही आपल्या स्वभावानें करितात. त्यांत एकाची स्तुति नाहीं कीं दुसऱ्याची निंदा नाहीं. निवड करण्याची शक्ति मनुष्यास आहे, आणि न्याय करण्यापूर्वीं चौकशी करावी कीं नाहीं, हीही निवडच आहे. म्हणून, बंधुभगिनींनो, शेजाऱ्यास आळशी म्हणण्याआधीं त्याची रात्र कशी जाते, तें विचारा.