आमिष कोणाचें व चोर कोण?

देवानें मनुष्यास प्राणिमात्रावर सत्ता दिली हें उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरून आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या सत्तेची सीमा कोणती, हा प्रश्न शेतांत, गोठ्यांत व रानाच्या कडेस नित्य उभा राहतो. आज आम्ही त्याचा विचार एका परदेशच्या उदाहरणावरून करणार आहों. कारण दुसऱ्याच्या अंगणांतला न्याय करितांना मन बरेंच निःपक्षपाती राहतें, आणि मग तोच न्याय आपल्या दारीं आणितां येतो.

अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत बहुतेक जमीन खाजगी मालकीची असून शिकारीसाठीं ती खंडानें देण्याची चाल आहे. कायद्यानें ठरविलेल्या हंगामांत तेथें हरिणें मारितां येतात. तीं नेमक्या जागीं यावीं म्हणून शिकारी लोक रानांत तीन पायांवर एक पिंप उभें करितात व त्यांत मका भरितात. पिंपाच्या तळाशीं घड्याळावर चालणारी चकती असते. ती ठरल्या वेळीं फिरून मका चोहोंकडे उधळिते.

परंतु मक्याकडे केवळ हरिणेंच येतात असें नाहीं. त्या देशांत रॅकून नांवाचा एक प्राणी आहे. तो मोठ्या बोक्याएवढा किंवा त्याहून थोर असतो. डोळ्यांभोवतीं काळा पट्टा, शेंपटीवर वलयें, आणि पुढचे पंजे मनुष्याच्या हातांसारखे कुशल. तो रात्रीं पिंपाच्या पायांवरून चढतो, हातानें चकती फिरवितो व मका खालीं पाडून खातो. एकास ठिकाण सांपडलें कीं दुसरेही येतात. जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडींही तो खातो, आणि त्याच्या विष्ठेंतून एका जंताचीं अंडीं मनुष्याच्या पोटांत गेलीं तर मेंदूस अपाय होऊं शकतो. तेव्हां त्याचा उपद्रव खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

त्यास धरण्यासाठीं एक विशेष सापळा निघाला आहे. अरुंद नळीच्या तळाशीं गोड पदार्थ ठेवितात. कुत्र्यास तो पंजानें ओढतां येत नाहीं. रॅकून मात्र हात घालून ओढतो, आणि ओढतांच हात आंत अडकतो. देवानें ज्या अवयवांत त्याची हुशारी ठेविली, त्याच अवयवानें तो धरला जातो. सकाळीं मालक येऊन त्यास गोळी घालितो.

येथें विवेकास थांबावें लागतें. मालक त्यास चोर म्हणतो. परंतु तो मका उघड्या रानांत टाकिला कोणीं? एकास मारण्यासाठीं आमिष मांडावें आणि तें खावयास दुसरा आला म्हणून रागवावें, हा न्याय कसा? ज्यास आज्ञा दिली नाहीं त्यास आज्ञाभंगाचा दोष लागत नाहीं. म्हणून शिक्षा म्हणून त्या प्राण्यास मारणें हें अयोग्य होय.

प्रतिबंध म्हणून मारावें, असें कोणी म्हणेल. तर आधीं सोपे उपाय झाले काय, हें पाहावें. चकतीभोवतीं जाळीचा पिंजरा बसवितां येतो. पिंपाच्या पायांस गुळगुळीत पत्रा लावितां येतो. हें न करितां सापळेच लाविले, तर मका तेथेंच असल्यामुळें रिकाम्या झालेल्या रानांत शेजारचे रॅकून येतात, आणि मारण्याचें काम वर्षानुवर्षें संपत नाहीं. शिवाय पिलें बहुधा वसंत ऋतूंत जन्मतात व एकटी आईच त्यांस वाढविते. ती मेली तर पिलें झाडाच्या ढोलींत उपाशी मरतात. अनुवाद २२:६, ७ येथें घरट्यांतील पिलें घेण्याची मोकळीक आहे, पण आईस सोडून देण्याची आज्ञा आहे. घेण्याचा अधिकार असला तरी त्यास मर्यादा आहे, हें त्यावरून दिसतें.

मग मारणें सर्वथा पाप काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. रोग पसरत असेल, किंवा दुसरा उपाय उरला नसेल, तर मारावें लागेल. परंतु तें त्वरेनें, प्राण्यास रात्रंदिवस सापळ्यांत तळमळत न ठेवितां, आणि त्यांत करमणूक न मानितां करावें.

आतां आपल्याकडे पाहूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांत शिकारीचा खेळ बंद झाला. पण रानडुकरें, वानरें व नीलगाई पिकांत शिरतात. जो शेतकरी ज्वारी राखण्यासाठीं रात्रभर माळ्यावर जागतो, त्यास त्या शिकाऱ्याच्या पंक्तीस बसविणें अन्याय होईल. त्याचें धान्य आमिष नव्हे, तें लेंकरांची भाकर आहे. त्यानें पीक राखावें, नुकसानभरपाईसाठीं वनखात्याकडे अर्ज करावा, आणि मारणें भाग पडल्यास रीतसर परवानगी मागावी. परंतु पिठाच्या गोळ्यांत स्फोटक भरून ठेवणें, किंवा कुंपणाच्या तारेंत वीज सोडणें, हें कोणत्याही ख्रिस्ती मनुष्याच्या हातून होऊं नये. त्या गोळ्यानें डुकराचा जबडा फाटतो व तें दिवसचे दिवस तळमळतें; गाय किंवा कुत्राही त्यास बळी पडतो; आणि त्या तारेनें शेजाऱ्याचा मुलगाही मरतो. पुष्कळ वेळां आमिषही आपणच मांडितों. वाटेवर वानरांस खाऊ घालून आपण त्यांस माणसाळवितों, आणि तींच घराच्या कौलांवर आलीं म्हणजे दगड मारितों.

निर्गम २३:११ येथें पडीक शेतांतील उत्पन्न गरिबांनीं खावें व त्यांचें उरलें तें वनपशूंनीं खावें असा नियम आहे. देवाच्या हिशेबांत त्यांचाही वांटा धरलेला आहे. नीतिसूत्रे १२:१० मध्यें नीतिमान मनुष्याची जी खूण सांगितली आहे, ती तो आपल्या पशूच्या जिवाकडे कसा पाहतो हीच होय. आमच्या उपदेशक बंधूंनीं या दोन वचनांवर मंडळींत अवश्य बोलावें. आणि बंधुभगिनींनो, सापळा मांडण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें: माझी गरज खरी आहे काय? त्या जिवास येथें मींच बोलाविलें काय? आणि दार लावून काम भागत असतां मी जीव घेण्यास निघालों आहें काय?