गोळीनंतरचे काम

अलास्कात मोठे जनावर मारून त्याचे खाण्याजोगे मांस रानात सडू देणे हा गुन्हा आहे, आणि त्याची जबाबदारी कायद्याने जनावर मारणाऱ्यावर टाकली आहे. मूस, म्हणजे तिथले अवाढव्य हरीण, मारला तर मान, छाती, फासळ्या, पाठ, पुढचे फरे, मागच्या मांड्या असे सगळे मांस आणावे लागते. शिंगे आधी पोहोचवायची आणि मांसासाठी सवडीने परतायचे, हे चालत नाही. शिंगे शेवटच्या खेपेबरोबर यावी लागतात. हा नियम करणाऱ्यांनी माणसाचा स्वभाव चांगलाच ओळखलेला दिसतो. मात्र हे मांस कोणाच्या सुरीने सुटावे आणि कोणाच्या पाठीवरून यावे, याबद्दल कायदा काही सांगत नाही. त्याच राज्यात बाहेरून आलेल्या अमेरिकी शिकाऱ्याला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा किंवा पहाडी बकरा मारायचा असेल, तर तिथे राहणारा जवळचा नातेवाईक किंवा परवानाधारक गाइड सोबत लागतो. परदेशी नागरिकाला तर कोणत्याही मोठ्या जनावरासाठी गाइड लागतोच. म्हणजे हजारो डॉलर मोजून आलेला शिकारी आणि ते रान जाणणारा गाइड यांची गाठ बऱ्याचदा कायद्यानेच घातलेली असते. गोळी सुटल्यानंतरचे काम या दोघांनी कसे वाटून घ्यावे, हा वरवर मजुरीचा प्रश्न आहे. मी त्याला धर्माचा प्रश्न मानतो. ज्याने जीव घेतला त्याने आपल्या शक्तीप्रमाणे त्या कामाला हात लावलाच पाहिजे, आणि मोहिमेचे पैसे भरल्याने हे कर्तव्य फिटत नाही, असे माझे म्हणणे आहे.

ते काम काय असते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. अलास्कातला पूर्ण वाढीचा नर मूस 500 ते 700 किलोंचा असतो. तो जिथे पडतो तिथून हलत नाही. दलदलीत पडला तर दलदलीतच त्याच्याशी झुंजावे लागते. कातडे जाड, केस दाट, त्यामुळे बाहेर गारठा असला तरी आतली ऊब तासन्‌तास टिकते आणि मांडीच्या हाडाजवळचे मांस आधी आंबू लागते. म्हणून घाई. पोट फाडून आतडी काढायची, तर कोथळ्याला किंवा मूत्राशयाला सुरीचे टोक लागू द्यायचे नाही. दुसरी रीत अशी की पोट न उघडता पाठीकडून कातडे सोलायचे, एका बाजूचा फरा, मांडी, पाठीचे आणि मानेचे मांस सोडवायचे, मग धूड उलटवून दुसऱ्या बाजूचे. सुटलेला प्रत्येक भाग कापडी पिशवीत घालून, वारा लागेल असा, सावलीत टांगायचा. मोठ्या मूसचे मांस सव्वादोनशे किलोंच्या घरात जाते. एका पाठीवर 40 किलो धरले तरी पाच-सहा खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला तीच दलदल, तीच झुडपे, तोच चढ. मोंटाना-वायोमिंगच्या डोंगरांत एल्क या मोठ्या हरणासाठी घोडे आणि खेचरे असतात, पण दोन्ही बाजूंचे वजन सारखे करून ओझे लादणे हेही कष्टाचे आणि कसबाचे काम आहे. शिवाय रक्ताचा वास अस्वलांना लांबून येतो. 2018 च्या सप्टेंबरात वायोमिंगच्या टीटन रानात गिऱ्हाइकाने मारलेल्या एल्कचे मांस काढताना ग्रिझली अस्वलाने हल्ला केला; त्यात गाइडचा जीव गेला, सोबतचे गिऱ्हाईक जखमी होऊन वाचले. शिकारीतला धोका लोक गोळी सुटण्याआधीच्या क्षणांत शोधतात. तो नंतरच्या तासांतही तितकाच असतो.

शिकारीच्या पाश्चात्त्य नीतिविचाराने या नंतरच्या तासांकडे फारसे लक्ष दिलेले नाही. थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी 1887 मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला, आणि जनावराला निसटण्याची खरी संधी मिळाली पाहिजे ही कल्पना त्यातून रुजली. ती चांगली कल्पना आहे, पण तिची सारी कलमे गोळीच्या अलीकडची आहेत. स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांनी शिकारीवरच्या आपल्या चिंतनात मृत्यूला पाठलागाची खूण मानले आणि शिकारीचा अर्थ पाठलागात शोधला. अमेरिकी निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्डना शिकाऱ्याची खरी कसोटी दिसली ती त्याच्याभोवती टाळ्या वाजवायला किंवा नावे ठेवायला कोणी नसते, यात. आता त्याच अलास्काच्या अंतर्भागात राहणाऱ्या कोयुकॉन लोकांकडे पाहावे. त्यांच्यात राहून मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड नेल्सन यांनी लिहिलेले पुस्तक 1983 मध्ये आले. कोयुकॉनांच्या विधिनिषेधांचा मोठा भाग जनावर मेल्यानंतरचा आहे: ते कसे कापावे, कोणता भाग कोणी खावा, हाडांचे काय करावे, त्याच्याविषयी कसे बोलावे. मेलेल्या जनावराची हेळसांड केली तर ते पुन्हा त्या माणसाच्या हाती लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा. ही श्रद्धा जशीच्या तशी न पटणाऱ्यालाही तिच्यामागचे निरीक्षण नाकारता येणार नाही. जनावराचा मृत्यू अन्नासाठी होता की नुसता नाश होता, याचा निकाल गोळी झाडताना लागतच नाही. तो सुरी आणि पाठ यांच्या कामात लागतो. मग ज्या शिकाऱ्याला विचारले असता तो म्हणतो, ‘मी अन्नासाठी मारतो, या जीवाविषयी मला आदर आहे’, त्याच्या म्हणण्याचा पुरावा त्याच कामात असायला हवा. पुरावा देण्याची वेळ आली की तंबूत परतायचे आणि दुसऱ्याने आणलेल्या मांसावर तो आदर सांगायचा, हे मला मान्य होत नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार वेगळ्या टोकाकडून झाला आहे, आणि तो इथे उपयोगी पडतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांसभक्षणाविषयी सांगताना हिंसेची विभागणी करतात: विकत घेणारा पैशाने मारतो, खाणारा उपभोगाने मारतो आणि प्रत्यक्ष घातक बांधून-कापून मारतो. याचा अर्थ सरळ आहे. पैसा मोजल्याने माणूस कृत्यापासून लांब जात नाही. पैसा हीच त्याची कृत्यात शिरण्याची वाट असते. गाइड घेऊन शिकार करणाऱ्याच्या बाबतीत तर विकत घेणारा, मारणारा आणि खाणारा एकच असतो. बाजारात मटण घेणाऱ्याला निदान एवढे म्हणता येते की सुरी माझ्या हातात नव्हती. इथे रायफल त्याच्याच हातात होती. या साखळीतला एकच दुवा तो दुसऱ्याला देतो, तो म्हणजे कापण्या-वाहण्याचा, आणि तोही नेमका असा की ज्यात मेलेल्या जीवाचे वजन अंगावर येते. वाल्या कोळ्याची गोष्ट दुसऱ्या टोकाने तेच सांगते. मी आणलेले खाता, मग माझ्या पापात वाटेकरी व्हाल का, या प्रश्नाला घरच्यांनी नाही म्हटले. भीष्मांच्या मते दोष सर्वांत पसरतो, वाल्याच्या घरच्यांच्या मते तो करणाऱ्याजवळच राहतो. पण मारणाऱ्याला मोबदला देऊन आपला वाटा दुसऱ्याच्या नावावर करता येतो, असे दोन्हीकडे कोणीच म्हणत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: गाइडने हे काम राजीखुशीने पत्करले आहे, त्यावर त्याचे घर चालते, त्याला त्याच्या कसबाचा अभिमान आहे; जगात सगळीकडे श्रमविभागणी आहे, मग इथेच ती का खटकावी? या आक्षेपात तथ्य आहे. गाइडचे काम सक्तीचे नाही, आणि महाराष्ट्रात मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी जन्माने मारले गेले त्यांच्याशी त्याची बरोबरी करणे हा त्या इतिहासाचा अपमान होईल. तरीही तो इतिहास आपल्याला श्रमविभागणीबद्दल एक गोष्ट शिकवतो. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडा असे सांगितले. पुढे ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या 1936 मध्ये छापलेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे. जनावर एकाचे, त्याचे दूध आणि कष्ट एकाचे, आणि मेल्यावर त्याला हात लावणारा दुसरा: या व्यवस्थेत काम हलके ठरले ते कामाच्या घाणीमुळे ठरले नाही, तर मालकाने ते आपल्या योग्यतेखालचे मानले म्हणून ठरले. बाबासाहेबांनी ज्यांच्यावर ओझे होते त्यांना ते टाकायला सांगितले. ज्यांना सूट मिळाली होती त्यांनी ते उचलावे, हे काम कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी केले. रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले, ते नाकारले गेले, आणि 1932 च्या डिसेंबरात त्यांच्या बाजूने गांधीजींनीही उपवास धरला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत मेलेल्या जनावरांचे कातडे काढण्याचे कामही त्यांनी आपले मानले. गाइडला मजुरी द्यायलाच हवी, चांगली द्यायला हवी, आणि त्याच्या हाताखाली ओझी वाहणाऱ्या पोरांना तर जास्तच. पण मजुरी हा त्याच्या कष्टाचा मोबदला आहे. मारणाऱ्याने ते काम आपल्या योग्यतेखालचे मानावे, याची ती परवानगी ठरत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि गाइड लोकच तो घेतात. नवखा हात मदतीपेक्षा घोटाळा जास्त करतो. अंधार पडत आलेला, मांस तापलेले, बोटे गारठलेली. अशा वेळी धारदार सुरी नवशिक्याच्या हाती देणे म्हणजे जखमेला निमंत्रण, आणि जखमी गिऱ्हाईक खाली उतरवायचे तर मांस राहते जागेवर. हे सारे खरे आहे, पण यावरून एवढेच ठरते की सुरी गाइडच्या हातात असावी. एवढ्या मोठ्या धुडाशी एकट्याने काम करणारा कोणीही सांगेल की त्याला सर्वांत जास्त उणीव भासते ती दुसऱ्या हाताची. मांडी सुटताना पाय उचलून ताणून धरायचा, पिशवीचे तोंड उघडे ठेवायचे, दिवा दाखवायचा, केस आणि माती मांसाला लागू द्यायची नाही, धूड उलटवताना जोर लावायचा, अस्वल येत नाही ना याकडे डोळे ठेवायचे. यातल्या एकाही कामाला कसब लागत नाही, तिथे थांबून राहण्याची तयारी लागते. वाहून नेण्यात तर कसबापेक्षा दमाचाच प्रश्न असतो. हल्ली शिकारीला निघण्याआधी लोक महिनोन्‌महिने व्यायाम करून डोंगर चढण्याची तयारी करतात. चढण्यासाठी कमावलेले पाय ओझ्यासह उतरण्यासाठी का वापरू नयेत? उलट, शिकताना होणारा उशीर धरूनच मोहिमेचा बेत आखावा. दिवस मावळायला आला असेल आणि मांस वाचवण्याइतका वेळ उरलेला नसेल, तर ती गोळी झाडू नये, हाच त्यातून निघणारा निष्कर्ष आहे.

म्हाताऱ्याचे, गुडघे गेलेल्याचे, आजाऱ्याचे काय, हा प्रश्न मोठा नाही. कर्तव्य शक्तीपुरते असते. सत्तर वर्षांच्या माणसाने खेप करू नये. त्याने शेजारी उभे राहून दिवा धरला तरी तो त्या कामात आहे. ज्याच्या अंगात बळ आहे आणि ज्याला फक्त कंटाळा किंवा किळस आहे, त्याच्याविषयी हे बोलणे आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत खोल जातो आणि तो आपल्याकडच्या वाचकाच्या मनात पहिल्या ओळीपासून असेल. मुळात हिंसाच चूक. तिच्यानंतर घाम गाळला म्हणून ती शुद्ध कशी होईल? ओझे वाहून आपण फार मोठे प्रायश्चित्त घेतले असे वाटून घेणे ही तर नवी फसवणूक. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीने अशी शिकार बंद झाली, आणि त्याआधीच्या संस्थानी आणि साहेबी शिकारींत गावकऱ्यांना हाकारे म्हणून जुंपले जाई, हे आपण विसरू नये. त्या शिकारीची आठवण येऊन मन कडू होणे स्वाभाविक आहे. मी या आक्षेपाला अर्धे उत्तर देऊ शकतो. घामाने हत्या शुद्ध होते असे मी म्हणत नाही. अहिंसेचे व्रत घेतलेल्याला शिकार कधीच मान्य होणार नाही, आणि त्याचे म्हणणे मला आदराचे वाटते. पण जिथे शिकार चालू आहे, कायद्याने चालू आहे, तिथे मारणाऱ्याने आपले कृत्य पुरते पाहावे की अर्धे पाहून परतावे, हा प्रश्न उरतोच. ज्याने कोमट आतडी हाताने बाजूला केली, ज्याच्या खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठले, तो पुढच्या मोसमात दुसरा परवाना काढण्याआधी निदान एकदा थांबेल. काढेलही, पण आपण काय करत आहोत हे माहीत असताना काढेल. अहिंसेच्या बाजूनेही हे काही कमी नाही. न पाहिलेल्या हिंसेला आवर घालणे कोणालाच जमलेले नाही.

म्हणून अशा मोहिमेची बोलणी करतानाच हा विषय निघाला पाहिजे. शिकाऱ्याने गाइडला विचारावे की जनावर पडल्यावर मी काय धरायचे, किती वजन उचलायचे, किती खेपा करायच्या. आणि गाइडनेही गिऱ्हाईक दुरावेल या भीतीने ‘तुम्ही आराम करा’ असे म्हणू नये. त्याचे तसे म्हणणे सौजन्याचे असले तरी शिकाऱ्याने ते स्वीकारू नये. उचलण्याची ताकद असून ज्याला फक्त गोळी झाडायची आहे आणि शिंगांसह फोटो हवा आहे, त्याने त्या मोहिमेचे पैसे भरू नयेत.