दोषाची वाटणी : खलपात्रांनी सांगितलेल्या परीकथा

परीकथेत शिक्षा नेहमी होते, चौकशी मात्र कधीच होत नाही. सावत्र आईने काय केले, चेटकिणीने मुलांना कसे कोंडले, लांडग्याने कोणाला गिळले हे सारे सविस्तर सांगितले जाते आणि शेवटी त्यांची कशी गत झाली हेही श्रोत्याचे पुरते समाधान होईपर्यंत सांगितले जाते. पण त्यांची काही बाजू असेल का, हा प्रश्न कथेच्या ओघात कोणालाच पडत नाही. हाच प्रश्न हाताशी धरून गेल्या तीन-चार दशकांत इंग्रजीत एक कथाप्रकार चांगलाच रुजला असून, जुनी परीकथा तिच्याच खलपात्राच्या तोंडून नव्याने सांगणाऱ्या या लघुकथा प्रामुख्याने कुमारवयीन, म्हणजे साधारणपणे बारा ते अठरा वर्षांच्या, वाचकांसाठी लिहिल्या जातात. दुष्टांचे वकीलपत्र घेतल्याचा आरोप त्यांच्यावर सर्रास होतो आणि त्यांतल्या कच्च्या कथांना तो लागूही पडतो. चांगल्या कथांचे काम मात्र निराळे असते : मूळ कथेने एकाच पात्राच्या माथी मारलेला सगळा दोष त्या पुन्हा मोजायला घेतात आणि ज्याच्या वाट्याला जेवढा येतो तेवढा त्याच्या पदरात घालतात.

खलपात्राला बाजू का नसते, याचे उत्तर परीकथेच्या घडणीतच सापडते. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी शंभर रशियन अद्भुतकथांची छाननी करून १९२८ मध्ये असे दाखवून दिले की या कथांतील पात्रे कितीही बदलली तरी त्यांची कार्ये बदलत नाहीत. कार्य म्हणजे कथानक पुढे नेणारी कृती, आणि अशी एकतीस कार्ये त्यांनी नोंदवली. खलपात्राचे कार्य घात करण्याचे असते आणि तो घात नागाने केला काय किंवा सावत्र आईने केला काय, कथेच्या बांधणीत त्याने फरक पडत नाही. पुढे १९४७ मध्ये स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी यांनी युरोपीय लोककथेच्या शैलीचे विवेचन करताना तिच्या पात्रांना खोली नसते, असे म्हटले : त्यांना भूतकाळ नसतो, मनाची घालमेल नसते, अनुभवाने ती शहाणी होत नाहीत. या अर्थाने नायिकाही तितकीच सपाट असते. परंतु कथा तिच्या बाजूने चाललेली असल्यामुळे तिचे काही बिघडत नाही, तर खलपात्र त्याच सपाटपणामुळे निरुत्तर ठरते. घाताला कोणीतरी कर्ता लागतो, एवढ्यासाठीच ते कथेत आलेले असते.

हा कर्ता कोण असावा, हे मात्र कथेने नव्हे तर अनेकदा संपादकाने ठरवलेले आहे. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७ पर्यंत त्या संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. जिने बर्फासारख्या गोऱ्या लेकीची इच्छा धरली, तीच पुढे लेकीच्या रूपाचा द्वेष करते. १८१९ च्या आवृत्तीत ही आई बाळंतपणात मरते आणि तिच्या जागी सावत्र आई येते. ‘हेन्झेल आणि ग्रेटेल’ या कथेत मुलांना रानात सोडून यायला सांगणारी आईसुद्धा १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. संग्रह जसजसा मध्यमवर्गीय घरांतील मुलांच्या हाती जाऊ लागला, तसतसे आईचे पावित्र्य जपण्याची गरज वाढली, हे या बदलांमागचे कारण अभ्यासकांनी पुष्कळदा मांडले आहे. सावत्र आई हे पात्र मुळीच हवेतून आलेले नव्हते, कारण बाळंतपणात स्त्रिया दगावण्याचे प्रमाण मोठे असलेल्या त्या काळी बापाने दुसरे लग्न करणे ही घरोघरची गोष्ट होती. तरीही या विशिष्ट कथांमध्ये तिला आणून बसवले ते विल्हेल्म ग्रिम यांच्या लेखणीने. परीकथा म्हणजे अनादी काळापासून जशीच्या तशी चालत आलेली ठेव असून नव्या लेखकांनी तिची मोडतोड करू नये, हा आक्षेप या इतिहासापुढे फारसा टिकत नाही.

या फेरबदलातून आई सुटली, आणि बाप तर आधीपासूनच सुटलेला होता. हेन्झेल आणि ग्रेटेलचा बाप लाकूडतोड्या आहे. घरात अन्नाचा कण उरलेला नसताना बायकोच्या हट्टापुढे तो मान तुकवतो, मुलांना एकदा सोडून दोनदा रानात नेऊन सोडतो, आणि मुले चेटकिणीचे जडजवाहीर घेऊन परत येतात तेव्हा बायको मेलेली असल्यामुळे तोच त्यांना पोटाशी धरतो. हिमगौरीचा बाप राजा आहे; पहिली राणी वारल्यावर वर्षभराने तो दुसरे लग्न करतो आणि त्यानंतर स्वतःच्या मुलीच्या जिवावर बेतले तरी कथेत पुन्हा दिसत नाही. १९७६ मध्ये मनोविश्लेषक ब्रुनो बेटलहाइम यांनी असा युक्तिवाद केला की आईवरचा राग मुलाला सहन होत नसल्याने ते तिची मनातल्या मनात चांगली आई आणि दुष्ट आई अशी दोन रूपे करते व परीकथेतील सावत्र आई या दुसऱ्या रूपाला जागा देते. मुलाच्या मनाविषयीचे हे स्पष्टीकरण मान्य केले तरी कथेतील हिशेब तसाच राहतो, कारण सगळा राग एका बाईवर काढला की बाकी सगळे घर निर्दोष सुटते.

हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो रुम्पेलश्टिल्ट्सकिनच्या कथेत. गिरणीवाला राजापुढे बढाई मारतो की आपली मुलगी गवताच्या काडीपासून सोने कातते. राजा तिला गवताने भरलेल्या खोलीत कोंडतो आणि सकाळपर्यंत सोने झाले नाही तर ठार करण्याची धमकी देतो. एवढे सोने मिळूनही त्याची हाव भागत नाही, म्हणून तो दुसऱ्या रात्री अधिक मोठी आणि तिसऱ्या रात्री त्याहून मोठी खोली भरतो, व तिसऱ्या वेळी लग्नाचे आमिष दाखवतो. या तिन्ही रात्री तिचा जीव वाचवतो तो एक बुटका. पहिल्यांदा तो गळ्यातला हार घेतो, दुसऱ्यांदा अंगठी, आणि तिसऱ्यांदा पहिले मूल देण्याचे वचन. मूल झाल्यावर तो ते मागायला येतो. राणी रडते तेव्हा तिची दया येऊन तीन दिवसांची मुदत देतो, आणि आपले नाव ओळखल्यास सौदा मोडेल अशी सवलतही आपणहून देतो. बापाने खोटे बोलून मुलीला संकटात लोटले, राजाने तिच्या जिवाचा सौदा केला, तिने स्वतः दिलेला शब्द फिरवला. बोललेला शब्द अखेरपर्यंत पाळणारे एकच पात्र कथेत उरते आणि १८१९ च्या आवृत्तीपासून तेच संतापाच्या भरात स्वतःला दुभंगून घेते. १८१२ च्या आवृत्तीत तो नुसता रागाने पळून गेला होता. अर्थात, अडलेल्या मुलीकडून पोटचे मूल मागणारा सावकार म्हणून बुटक्याचा दोष खराच आहे. पण या कथेतला सगळा दोष तेवढाच नाही.

अमेरिकन लेखिका व्हिव्हियन व्हांडे व्हेल्डे यांच्या ‘द रुम्पेलश्टिल्ट्सकिन प्रॉब्लेम’ (२०००) या कुमारांसाठीच्या पुस्तकात याच एका कथेची सहा रूपे आहेत. एका कथेत बुटक्याच्या जागी माणसाच्या बाळाची चव घ्यायला टपलेला राक्षस आहे, तर दुसरीत मुलीला मनापासून मदत करणारा आणि राजापेक्षा कितीतरी भला असा एक जण. कथा बदलली की दोषाची वाटणीही बदलते. एखाद्या कादंबरीने बुटक्याची एकच कैफियत मांडली असती आणि वाचकाने ती सत्य म्हणून स्वीकारली असती. छोट्या, परस्परविरोधी कथांच्या शेजारपणामुळे मात्र त्याला प्रत्येक साक्ष दुसरीशी ताडून पाहणे भाग पडते. खलपात्राच्या कथेला लघुकथेचा घाट मानवतो, याचे एक कारण हे. दुसरे असे की मूळ कथानक वाचकाला पाठ असल्यामुळे लेखकाला प्रास्ताविकात शब्द खर्चावे लागत नाहीत. काय घडणार हे ठाऊक असते, आणि कुतूहल राहते ते सांगणारा ते कसे सांगतो याचे.

येथे ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना महत्त्वाची ठरते. ज्याच्या सांगण्यात लपवाछपवी किंवा आत्मवंचना आहे हे वाचकाला त्याच्याच शब्दांतून कळत जाते, तो अविश्वसनीय निवेदक होय. जॉन शेस्का यांच्या १९८९ च्या चित्रपुस्तकात तीन डुकरांच्या गोष्टीतला लांडगा तुरुंगातून आपली हकिकत सांगतो : आजीच्या वाढदिवसाच्या केकसाठी तो वाटीभर साखर उसनी मागायला गेला होता, सर्दीमुळे शिंक आली आणि त्या शिंकेने घर कोसळले, मेलेले डुक्कर वाया का जाऊ द्यायचे, म्हणून खाल्ले, एवढेच. पुस्तक लहान मुलांसाठीचे असले तरी पुढच्या कुमारकथांचा धडा त्यातच आहे. वर्तमानपत्रांनी आपल्याला बदनाम केले, ही लांडग्याची तक्रार पटण्याजोगी वाटते आणि त्याच वेळी त्याचे भरलेले पोटही नजरेआड होत नाही.

याहून गंभीर प्रयोग आयरिश लेखिका एमा डॉनह्यू यांच्या ‘किसिंग द विच’ (१९९७) या संग्रहात आढळतो. त्यातील तेरा कथा साखळीसारख्या गुंफलेल्या आहेत : एका कथेच्या शेवटी तिची निवेदिका समोरच्या स्त्रीला तिचे पूर्वायुष्य विचारते आणि पुढची कथा त्या स्त्रीच्या तोंडून सुरू होते, त्यामुळे एकीच्या गोष्टीत गूढ किंवा भयंकर वाटलेली बाई दुसऱ्या गोष्टीची नायिका होते. एलन डॅटलो आणि टेरी विंडलिंग यांनी संपादित केलेला ‘ट्रोल्स आय व्ह्यू’ (२००९) हा संग्रह तर थेट खलपात्रांच्या कथांचाच असून, त्यातील कॅथरिन व्हॅलेंटे यांच्या कथेत खाऊच्या घरातील चेटकिणीचे पूर्वायुष्य येते. ती एका मिठाईवाल्याची लाडकी लेक आहे, आणि बापाने आपल्याला साखरेपासून घडवले आहे हे तिला उशिरा उमगते. गोड घर बांधणारी बाई आधी स्वतःच इतरांच्या जिभेचे चोचले पुरवण्याची वस्तू होती, हे कळल्याने मुलांना खाण्याचा अपराध पुसला जात नाही. त्या अपराधाला एक बाप मात्र मिळतो.

फसलेल्या प्रयोगांत नेमके याच्या उलट घडते. २०१४ च्या ‘मॅलेफिसेंट’ या चित्रपटात राजकन्येला चिरनिद्रेचा शाप देणारी परी अन्यायग्रस्त ठरते, कारण राजपदाच्या लोभाने स्टीफन नावाच्या माणसाने तिचे पंख कापलेले असतात. पण त्यानंतर क्रौर्य आणि वेड दोन्ही स्टीफनच्या वाट्याला देऊन चित्रपट मोकळा होतो, म्हणजे दोषाचे गाठोडे न सोडता फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले जाते. नील गेमन यांची ‘स्नो, ग्लास, ॲपल्स’ (१९९४) ही प्रौढांसाठीची कथा कारागिरीत फार वरच्या दर्जाची आहे, परंतु सावत्र आईच्या निवेदनात तीही हिमगौरीला रक्तपिपासू करून अशीच अदलाबदल करते. ती अधिक टिकते ती एका कारणाने : आपण वेळीच काय करायला हवे होते आणि काय चुकलो, याचा हिशेब राणी स्वतःच मांडत असते.

अशा कथांनी कोवळ्या मनात बऱ्यावाईटाचा विवेक ढिला होतो, ही भीती निराधार नाही. प्रत्येक क्रूर माणसामागे एक दुखावलेले बालपण शोधून काढले की क्रौर्याची जबाबदारी घेणारे कोणी उरत नाही. म्हणून स्पष्टीकरण आणि समर्थन यांतला भेद या कथाप्रकाराचा कणा मानावा लागतो. कृत्य का घडले हे सांगणे म्हणजे स्पष्टीकरण, तर ते योग्यच होते असे म्हणणे म्हणजे समर्थन. आणि ज्या पात्राला मन दिले त्याला निवडही द्यावीच लागते, त्यामुळे मूळ कथेत केवळ यंत्रासारखे वागणारे खलपात्र खऱ्या अर्थाने दोषी ठरते ते नव्या कथेतच. घरातील भांडणाच्या दोन हकिकती असतात, मोठ्यांनी सांगितलेली त्यांतली एकच असते, आणि दोन्ही ऐकूनही कोणीतरी चुकलेले असू शकते, हे कुमारवयातच उमगू लागते. या कथांची त्या वयाशी गाठ पडते ती याच ठिकाणी.

मराठी वाचकाला दुसरी बाजू ऐकण्याची सवय आहे, पण ती महाकाव्यांच्या वाटेने आलेली आहे. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीत कर्णाबरोबर कुंती आणि दुर्योधनही स्वतःच्या तोंडून बोलतात. कर्णाला मुळातच कुळ, शाप, वचन आणि अपमान यांचा भरगच्च इतिहास असल्याने तेथे लेखकाला असलेल्या आशयाचा विस्तार करता येतो. सावत्र आईला किंवा बुटक्याला असे काहीच नसते, आणि म्हणूनच खलपात्राच्या परीकथेशी खरे नाते जुळते ते पाळण्याजवळ सांगितल्या जाणाऱ्या चिऊ-काऊच्या गोष्टीचे. पावसात काऊचे शेणाचे घर वाहून जाते आणि तो चिऊच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. बाळाला न्हाऊ घालण्यापासून तीट लावण्यापर्यंतची कारणे सांगत चिऊ त्याला भिजत ठेवते. काही घरांत पुढे काऊ चिऊची पिल्ले खातो, तर काही घरांत चिऊ त्याला तापल्या तव्यावर बसवते. काऊच्या तोंडून ही गोष्ट सांगताना तो बिचारा होता एवढेच सांगितले तर ती रडकी होईल, आणि चिऊला कजाग ठरवले तर जुन्या गोष्टीचीच उलटी प्रत निघेल. एकटीने पिल्ले सांभाळणाऱ्या चिऊला अनोळखी भुकेल्या पाहुण्याची भीती वाटणे आणि काऊने थंडीत कुडकुडत राहणे, या दोन्ही गोष्टी खऱ्या ठेवून, एकाच पावसात एकाचेच घर का वाहून गेले याचा विचार वाचकाला करायला लावणे, हे अशा कथेचे काम होय.

या कसोटीवर पाहता खलपात्राची कथा यशस्वी झाली की नाही, हे खलपात्राविषयी वाचकाला किती सहानुभूती वाटली यावरून ठरवता येत नाही. ती वाचून झाल्यावर वाचक मूळ कथेकडे वळला आणि त्याने लाकूडतोड्याला, गिरणीवाल्याला, लग्न करून नाहीशा झालेल्या राजाला पहिल्यांदाच जाब विचारला, तर ती कथा सार्थकी लागली. आणि त्यानंतरही चेटकिणीच्या भट्टीचे दार उघडेच होते हे तो विसरला नाही, तर ती प्रामाणिकही ठरली. मराठीत अशा कथा लिहिल्या जातील तेव्हा त्यांनाही दोन्ही अटी पाळाव्या लागतील, आणि त्यांतली पहिली अट अधिक अवघड जाईल, कारण आपल्या घराघरांतल्या गोष्टींत निर्दोष सुटलेली माणसे बहुधा वडीलधारी असतात.