लुटारूची पंगत

बारामती किंवा इंदापूरच्या वाटेवर एखाद्या भोजनालयाच्या फलकावर रॉबिन हूडचे नाव रंगविलेले असले, तर जेवणाऱ्याला त्यात काही वावगे वाटणार नाही. इंग्लंडात तर या नावाची पानगृहे गावोगावी आहेत. तरीही वाटमाऱ्याचे नाव यजमानाच्या दारावर कसे शोभावे? पाहुणा सुखरूप घरी पोहोचावा, ही यजमानाची काळजी. तो एकटा सापडावा, ही वाटमाऱ्याची.

इ. स. १५०० च्या सुमारास छापल्या गेलेल्या रॉबिनच्या दीर्घ कथाकाव्यात या दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे आहेत. पाहुण्यावाचून रॉबिन जेवायला बसत नाही. त्याचे साथीदार वाटेवरून एका खिन्न सरदाराला घेऊन येतात, त्याला पोटभर जेवू घालतात आणि मग पैसे मागतात. (आपले हॉटेलवालेही क्रम तोच ठेवतात!) सरदार म्हणतो, जवळ दहा शिलिंग आहेत. लिटल जॉन त्याची पेटी उघडतो; दहाच निघतात. सरदाराची जमीन यॉर्कच्या सेंट मेरी मठाकडे चारशे पौंडांना गहाण पडली आहे आणि मुदत संपत आली आहे. रॉबिन तेवढी रक्कम उसनी देतो. जामीन कोण? सरदारापाशी एकच नाव उरले आहे, पवित्र मरियामातेचे. रॉबिनला तेवढे पुरते. पुढे त्याच मठाचा एक संन्यासी त्या पंगतीला बसतो आणि आपल्याजवळ वीसच मार्क असल्याचे सांगतो. पेटीतून आठशे पौंडांहून अधिक निघतात. मरियामातेने दुप्पट परतफेड केली, असे म्हणून रॉबिन ते ठेवून घेतो.

कथा ऐकताना आपण हसतो, आणि मठाचा कैवार घ्यायला कोणी पुढे येत नाही. पण हे न्यायाचे झाले का? प्राणावर बेतलेल्या गरजेत दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी ठरत नाही, तशा गरजेतील शेजाऱ्यासाठी घेतले तरीही नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. सरदार मात्र उपाशी नव्हता. त्याची जमीन जात होती. या कसोटीवर रॉबिन सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. मठाधिपतीही सुटत नाही. ऋणको मुदतीत येऊच नये, अशी त्याची इच्छा आहे. त्याला पैसा नको, जमीन हवी आहे. मला तर लुटीपेक्षा ही इच्छा अधिक भयंकर वाटते. म्हणून भोजनालयाला रॉबिनचे नाव मला अशुभ वाटत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्याला मात्र ते जड जावे. बिलात खोटा आकडा असेल, तर पेटी त्याचीच उघडावी लागेल.

बारामती तालुक्यातील सुप्याला मठाधिपतीची ती इच्छा अनोळखी नव्हती. १२ मे १८७५ रोजी, भर बाजाराच्या दिवशी, तेथे शेतकरी सावकारांवर तुटून पडले. दंग्याचे लोण इंदापूर तालुक्यातही गेले. सुप्यात दुकाने लुटली गेली, हे झाकून ठेवू नये. पुढे गावोगावी मागणी झाली ती मुख्यतः गहाणखतांची व कर्जरोख्यांची. हाती आलेले कागद लोकांनी जाळले. त्या राखेने कोणाचे पोट भरणार नव्हते. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशावर रोख्यातील आकडा तसाच न स्वीकारता कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याची जबाबदारी टाकली. रॉबिनच्या पंगतीत ते काम लिटल जॉन करीत असे; न्यायालयात आधी जेवण मात्र मिळत नव्हते.